दगडामागची अळंबी

उज्ज्वला रेडेकरांच्या परड्यात जे उगवलं, त्याचं नाव डबीला सांगता आलं नाही, तिथून पुढचं सगळं सुरू झालं.

श्रावण उतरणीला लागला होता. आजऱ्याच्या त्या घरात आवराआवर चालू होती. पितळेची भांडी शेजारच्या जावेकडे गेली होती, गाद्या-घोंगड्या वाटून झाल्या होत्या. गणपती झाले की उज्ज्वला घाट उतरून वेंगुर्ल्याला जाणार होत्या, कायमच्या. साठीला आलेली, नवरा जाऊन आठ-नऊ वर्षं झालेली बाई नोंदणी पद्धतीनं लग्न करणार होती, आणि हे गावाला कळून महिना झाला तरी गाव अजून आवंढा गिळत होतं.

नवरदेवाचं नाव विलास परब. वेंगुर्ल्याच्या एसटी स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला माणूस. उज्ज्वला कंडक्टर होत्या. आजरा–वेंगुर्ला गाडीवर त्यांनी उमेदीची वर्षं काढली, आणि गाडी लागली की खिडकीतून वेळेची सही देणारा हात परबांचा असायचा. तेव्हा दोघांच्या मनात काही नव्हतं. निवृत्तीनंतर एका निरोप समारंभात शेजारी बसले, बोलत राहिले, आणि बोलणं थांबलं नाही. अजूनही उज्ज्वला त्यांना परबसाहेब म्हणायच्या आणि ते उज्ज्वलांना मॅडम.

तर त्या सकाळी उज्ज्वला परड्यात खराटा मारत होत्या. जांभळाच्या बुंध्याशी धुण्याचा मोठा दगड होता. दगड आणि कुंपणाची भिंत यांच्या सांदीत त्यांना काहीतरी चमकलं. वाकून पाहिलं तर अळंबी. पण अशी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. छत्री वांग्याच्या सालीसारखी काळपट जांभळी, देठावर बारीक लव, आणि छत्रीच्या कडेकडेनं मधासारखे पिवळसर थेंब. पावसाचे थेंब नव्हते ते. बोट लावलं की चिकटत होते.

उज्ज्वलांनी आत जाऊन डबी आणली.

डबी तेव्हा घरोघर होती. अंगाच्या साबणाएवढी पांढरी वस्तू, आरोग्य खात्यानं फुकट वाटलेली. तिच्या खाचेत बुरशीचा कण ठेवायचा आणि झाकण लावायचं. चहाला उकळी येईपर्यंत ती त्या कणातली जनुकं वाचायची, आपल्याजवळच्या लाखो नोंदींशी ताडून बघायची आणि नाव सांगायची. हिरवा दिवा म्हणजे निर्धास्त राहा. पिवळा म्हणजे हात लावू नका. लाल म्हणजे दार लावून घ्या, आमची माणसं येतायत.

लोक लोणच्यावरची बुरशी तपासून डबी फडताळात टाकत. उज्ज्वलांना मात्र तिचा नाद लागला होता. कुजक्या ओंडक्यावरची, शेणावरची, जुन्या टायरात साठलेल्या मातीतली, जे उगवेल ते त्या डबीत घालत. ‘कुठून आलात, कुठं निघालात’ हे विचारण्यात जन्म गेलेल्या बाईला ही चौकशी मनापासून आवडायची. परड्यात उगवणाऱ्या साऱ्या मंडळींची नावं त्यांना आता पाठ होती.

या वेळी चहा उकळला, गाळून झाला, पिऊन झाला, तरी डबी गप्प. मग पडद्यावर अक्षरं आली : ‘नोंद नाही. माहिती कोल्हापूरला पाठवली आहे. हात धुवा.’

दुपारी त्यांनी परबांना फोनवर सांगितलं.

“म्हणजे विनातिकीट प्रवासी,” परब म्हणाले.

“तसंच म्हणा.”

“उतरवू नका मॅडम. पाऊस आहे. पुढच्या थांब्यापर्यंत जाऊ दे बिचाऱ्याला.”

उज्ज्वला हसल्या आणि परत सामान बांधायला लागल्या.

*

सरकारनं घराघरात डबी द्यावी असं काय झालं होतं, ते सांगायला हवं.

बुरशी पृथ्वीवर आपल्या कितीतरी आधीपासून आहे. ती झाडं खाते, लाकूड खाते, किडे खाते, पण माणसाला सहसा खात नाही. त्याचं मोठं कारण म्हणजे आपलं अंग गरम असतं. बहुतेक बुरश्यांना आपल्या रक्ताची ऊब सोसत नाही. आपण ज्याला ताप नाही म्हणतो, तोच त्यांना ताप असतो. लाखो वर्षं या उबेनं आपल्याला सांभाळलं. पण हवाच तापत गेली तेव्हा बुरश्याही तापाला सरावल्या. उन्हाळ्यामागून उन्हाळे सोसून ज्या उरल्या, त्यांना माणसाचं फुप्फुस म्हणजे गरम भट्टी वाटेनाशी झाली. बरीशी ओलसर जागा वाटू लागली.

त्यातली एक राखबुरशी. धुळीतून श्वासात जायची, आणि आधीच अशक्त असलेल्या माणसाच्या फुप्फुसात राखेसारखा थर धरायची. असलेली औषधं तिनं पचवली होती. नवी औषधं करणं अवघड, कारण बुरशीची पेशी आणि आपली पेशी नात्यानं जवळच्या आहेत. तिला मारायला जावं तर आपल्यालाही लागतं.

उज्ज्वलांची मुलगी ऋता पुण्यात फुप्फुसांची डॉक्टर होती. राखबुरशीचा वॉर्ड तिच्याकडे होता. ती आईला फार काही सांगायची नाही. फोनवर नुसतीच थकलेली असायची.

*

चार-सहा दिवसांनी एक गाडी दारात थांबली आणि डॉ. नफीसा मुजावर उतरल्या. कोल्हापूरच्या एका कवक संशोधन केंद्रातल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट. नमस्कार-चमत्कार होण्याआधीच त्या दगडामागं पोटावर आडव्या झाल्या होत्या.

“ताई,” खालूनच त्यांचा आवाज आला, “याच्या आजूबाजूला दुसरी एकही बुरशी नाही. हातभर अंतरात काही नाही. या मातीत, या पावसात! बघितलंय का तुम्ही?”

उज्ज्वलांनी बघितलं नव्हतं. आता बघितलं. खरंच, भिंतीवर सगळीकडे बुरशी आली होती, फक्त त्या अळंबीभोवतीचा दगड घासल्यासारखा स्वच्छ होता.

डॉक्टरांनी बारीक नळीनं ते पिवळे थेंब गोळा केले. जांभळाचं एक मूळ कोरून पाहिलं. चहा पिताना म्हणाल्या, “ही मुळांशी संगत करून राहणारी जात दिसते. झाड तिला साखर देतं, ती झाडाला पाणी आणि क्षार पोचवते. पण हे थेंब काय आहेत, ते मला माहीत नाही. माहीत नाही असं म्हणायची वेळ फार दिवसांनी आली. बरं वाटलं.”

उज्ज्वलांना बाई आवडल्या.

गणपतीत डॉक्टरांचा फोन आला. काचेच्या ताटलीत राखबुरशी वाढवून त्यावर एक थेंब टाकला होता. सकाळपर्यंत थेंबाभोवती ताटली स्वच्छ झाली. आणि माणसाच्या पेशींना त्या थेंबानं काही केलं नाही.

“एक विनंती आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “आम्ही ती प्रयोगशाळेत वाढवून पाहिली. कापसासारखी वाढते, पण थेंब धरत नाही. मातीसकट उचलून आणली तर सुकून गेली. म्हणजे आत्ता तरी ती फक्त तुमच्या परड्यात आहे. ते का, ते कळेपर्यंत तिथलं काही बदलू नका. तुम्ही रोज जे करता, तेच करत राहा.”

“डॉक्टर, मी पुढच्या महिन्यात इथून जातेय.”

“किती दिवस?”

“लग्न आहे माझं.”

डॉक्टर मुजावर मनापासून म्हणाल्या, “मुबारक असो, ताई.” आणि विनंती पुन्हा न करता त्यांनी फोन ठेवला.

*

उज्ज्वलांनी लग्न दिवाळीनंतर ठेवलं. परब म्हणाले, “गाडी उशिरा सुटेल, रद्द नाही.” दिवाळी गेली आणि तारीख माघात गेली. माघात डॉक्टरांनी परड्यावर बारीक तुषारांच्या नळ्या लावल्या, म्हणजे पाऊस नसताना अळंबी टिकेल, आणि ती टिकली. मग तारीख अक्षय्यतृतीयेवर गेली.

परबांना आजऱ्यात येऊन राहता आलं असतं तर प्रश्न नव्हता. पण त्यांची आई नव्वदीची होती. समुद्राचा आवाज आला नाही तर तिला झोप लागत नसे. तिला घाट चढवणं म्हणजे तिला मारणं, हे उज्ज्वलांनाही मान्य होतं.

उन्हाळ्यात तातडीची परवानगी मिळाली आणि थेंबांपासून केलेलं औषध पहिल्या मोजक्या रोग्यांना दिलं गेलं. त्यातली एक बाई ऋताच्या वॉर्डात होती. तीन मुलांची आई, जिच्या घरच्यांना ऋतानं आशा सोडायला सांगितलं होतं. ती बाई स्वतःच्या पायानं चालत घरी गेली. ऋता फोनवर रडली. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच आईनं तिला असं रडताना ऐकलं.

मग ही बातमी सगळीकडे गेली आणि परड्याला कळा आली. लोक बघायला येऊ लागले. आधी कुंपणाबाहेरून हात जोडायचे, मग आत येऊ लागले. कुणाचा बाप पुण्यात ॲडमिट, कुणाची सून मुंबईत. उज्ज्वलांच्या थोरल्या जाऊबाई, शैलाअक्का, भिंतीला भिंत लागून राहत. त्यांनी जांभळाला साडी नेसवली. बुंध्याशी तांब्या ठेवला.

“देवानंच तुला हितं थांबवलंय बघ, उज्ज्वला,” त्या म्हणाल्या. “तू निघालीवतीस. तुझा पाय घरातनं निघूने म्हणून ही आई परड्यात उगवली.”

एका मंगळवारी कुणीतरी भक्तिभावानं बुंध्याशी मूठभर हळद-कुंकू वाहिलं. हळद म्हणजे बुरशीचा काळ. दोन दिवसांत त्या बाजूच्या सगळ्या छत्र्या काळवंडून आडव्या झाल्या. डॉक्टर मुजावर धावत आल्या, माती खरवडली, दगडामागच्या तेवढ्या वाचल्या. त्यानंतर परड्याला जाळी लागली, दारावर रखवालदार बसला, आणि आत जायची परवानगी डॉक्टरांच्या माणसांना आणि उज्ज्वलांना. उज्ज्वला रोज सकाळी खराटा मारत, धुणं धूत, तांदळाचं धुवण जांभळाला घालत. पूर्वीही हेच करत होत्या. पण आता जाळीबाहेरून कुणीतरी बघत असे, आणि खराटा हातात धरला की आपण आपलंच सोंग काढतोय असं त्यांना वाटे.

अक्षय्यतृतीया आली तेव्हा ऋता सुट्टी काढून घरी आली होती.

“आई, लग्न करू नको असं मी म्हणत नाही,” ती म्हणाली. “पण वेंगुर्ल्याला जाणं… तू माझा वॉर्ड बघितला नाहीस.”

“बघितला नाही. पण तुझं तोंड बघते की.”

“मग?”

“मग काही नाही. थांबलेय ना मी?”

ऋतानं आईचा हात हातात घेतला. उज्ज्वलांच्या मनात आलं, लग्न ठरलं तेव्हा हिनं हात हातात घेतला नव्हता. तेव्हा ही ‘बरं’ म्हणून उठून गेली होती. गावानं, अक्कानं, पोरीनं, कुणीच तेव्हा नाही म्हटलं नव्हतं, कारण म्हणायला कारण नव्हतं. आता सगळ्यांना मिळून एक कारण सापडलं होतं, आणि कारण इतकं खरं, इतकं मोठं, की त्यापुढे तोंड उघडायचीही लाज वाटावी.

*

परब महिन्यातून दोनदा यायचे. ओसरीवर बसायचे, काजू सोलायला मदत करायचे आणि शेवटच्या गाडीनं परत जायचे. दुसरा पाऊस लागला तेव्हा ते एकदा आलेच नाहीत. फोनवर म्हणाले, थोडं काम निघालंय. पुढच्या वेळीही काम निघालं.

“परबसाहेब, काय झालंय?” उज्ज्वलांनी विचारलं.

“काही नाही हो.”

“पंचवीस वर्षं गाडीवर होते मी. खोटं बोलणारा प्रवासी मला आवाजावरून कळतो.”

तेव्हा कळलं. आई न्हाणीत घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली होती, पण ती अंथरुणाला खिळली होती, आणि परब एकटेच तिचं सगळं करत होते. अंघोळ, कपडे, सगळं.

“कधी झालं हे?”

“झाले पंधरा-वीस दिवस.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर तुम्हाला तिकडे राहवलं नसतं. आणि निघवलंही नसतं. म्हटलं, उगाच कशाला.”

उज्ज्वलांना असा राग आला की त्यांनी फोन ठेवूनच दिला. राग परबांचा नव्हता. एवढं समजूतदार वागायची पाळी त्या माणसावर आली, याचा होता. त्यांनी पिशवी भरली, डॉक्टर मुजावरांना कळवलं की मी आठ दिवस जातेय, तुमच्या माणसाकडून परडं झाडून घ्या, आणि आंबोलीच्या घाटानं उतरणारी विजेवरची गाडी पकडली. तिकीट काढताना कंडक्टर पोरगीनं ओळखलं. “मॅडम, अळंबीवाल्या रेडेकर मॅडम ना तुम्ही?” उज्ज्वला म्हणाल्या, “नाही. आजरा डेपोच्या.”

म्हातारीनं त्यांना बघितलं आणि उशीवरून मान उचलली.

“अगो, तू हंय कित्याक इलंस?”

“तुमचा पाय मोडलाय ना, आई.”

“माझो पाय मोडलो म्हणान लोकांचो श्वास अडकवतलंस?”

म्हणजे इथंही तेच. उज्ज्वलांनी पदर खोचला आणि त्या गरम पाणी काढायला न्हाणीत गेल्या.

चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. थेंब कमी झालेत. सहाव्या दिवशी आला. थेंब थांबलेत. अळंबी उभी आहे, पण कोरडी. “तुम्ही करत होता तसं सगळं करतोय आम्ही,” डॉक्टरांचा आवाज ओढल्यासारखा झाला होता. “तुषार चालू, झाडलोट चालू, तांदळाचं पाणीसुद्धा. काय चुकतंय कळत नाही.”

संध्याकाळी ऋताचा फोन. “आई, जुना साठा या महिन्यापुरता आहे. परत ये. प्लीज.”

उज्ज्वला पडवीत बसल्या. आत परब आईला मऊ भात भरवत होते, आणि ती ‘मीठ नाय, मीठ नाय’ करत होती. उज्ज्वलांना ऋताच्या वॉर्डातली ती बाई आठवली, जिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि तिची तीन मुलं. परत जाणं सोपं होतं. गेलं की सगळे सुखी होणार होते. त्या स्वतःसुद्धा झाल्या असत्या कदाचित, चारचौघांत मान मिळतो तेव्हा माणूस होतो तशा. पण मग आणखी एक वर्ष. मग आणखी एक. आणि एक दिवस त्या मरतील, खराटा हातात असताना, आणि मग?

हा ‘मग’ त्यांच्या डोक्यात अडकला. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

“डॉक्टर, मी येत नाही.”

“मग परड्याचं काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“घर तुमच्या केंद्राला देते. परडं, जांभूळ, विहीर, सगळं वापरा. भाडं नको. पण मी नाही. एका बाईनं झाडलं तरच जे होतं, ते औषध नव्हे, डॉक्टर. ते नशीब. मी उद्या मेले तर तुम्ही काय करणार? तेच आज करा. मी मेलेय असं धरा आणि शोधा.”

डॉक्टर मुजावर हळू आवाजात म्हणाल्या, “हे मी तुम्हाला वर्षापूर्वी म्हणायला हवं होतं. मला धीर झाला नाही, ताई. हातातलं सुटेल म्हणून जपत बसले. जपणं म्हणजे संशोधन नाही.”

ऋतानं मात्र त्यानंतर आईचा फोन उचलला नाही. उज्ज्वला त्या रात्री जेवल्या नाहीत. परबांनी ताट झाकून ठेवलं.

*

शोध सुरू झाला. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड, जिथं जिथं जांभूळ असेल तिथं डबी घेऊन जा, असं आवाहन निघालं. लोकांनी परडी पालथी घातली. फडताळात पडलेल्या डब्या बाहेर आल्या. बहुतेकांना काही मिळालं नाही. घराजवळची जांभळं स्वच्छ झाडलेली होती.

सापडली ती एका बंद पडलेल्या काजू कारखान्यामागं. तिथं एक जुनं जांभूळ होतं, आणि त्याखाली वर्षानुवर्षांचा पाचोळा मांडीएवढा साचलेला. तिथं कुणी जात नव्हतं. शेळ्या चारणाऱ्या एका बाईनं पाचोळा उकरला आणि डबीत कण टाकला. डबीनं आता नाव सांगितलं, कारण तोपर्यंत नोंद झाली होती. पाचोळ्याखाली जांभळ्या छत्र्यांची दाटी होती, आणि प्रत्येक छत्रीच्या कडेला पिवळ्या थेंबांची माळ.

महिन्याभरानं डॉक्टर मुजावर स्वतः वेंगुर्ल्याला आल्या. पडवीत बसून त्यांनी सोलकढीचे दोन पेले संपवले आणि मग सांगायला लागल्या.

“जांभळाची पानं कुजताना त्यांच्या आतल्या थरात एक साधी पांढरी बुरशी येते, वरून दिसत नाही, म्हणून पहिल्या दिवशी माझ्याही नजरेतून सुटली. कुठंही येते, कुणी ढुंकून बघत नाही. ती आली की आपली अळंबी चवताळते. मुळाची साखर वाटून घ्यायला कुणीतरी आलं म्हणून ती विष सोडते. तेच हे थेंब. शत्रू नसेल तर ती शस्त्र काढत नाही. आमच्या ताटलीत मूळही नव्हतं आणि शत्रूही नव्हता. आता दोन्ही घातलं. काल प्रयोगशाळेत थेंब धरला, ताई. काचेच्या पेटीत.”

“मग माझ्या परड्यात?” उज्ज्वला म्हणाल्या. “मी तर रोज झाडत होते.”

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हसू मावेना. “सगळं झाडत होता. दगडामागची सांद सोडून. तिथला पाचोळा तसाच राहायचा. आमच्या माणसानं मात्र तुम्ही गेल्यावर तिथंही घुसून लख्ख केलं. म्हणून थेंब थांबले.”

“दगडामागं माझा खराटा पोचतच नाही. गुडघा वाकत नाही माझा. गाडीत उभं राहून राहून गेलाय तो.”

“एवढंच कारण,” डॉक्टर म्हणाल्या.

आतून म्हातारीनं विचारलं, “काय गो, काय झाला?” परबांनी सांगितलं. म्हातारी अशी हसली की तिला ठसका लागला, आणि पाणी द्यायला उज्ज्वलांना उठावं लागलं. हसू त्यांनाही येत होतं, आणि मध्येच कुठंतरी बारीक कळही उठत होती. जवळजवळ एक वर्ष त्यांनी त्या परड्याला दिलं होतं. त्याला हवा होता तो त्यांचा न वाकणारा गुडघा.

निघताना डॉक्टर म्हणाल्या, “आता तुम्ही मोकळ्या.”

“मी मोकळी झाले तेव्हाच तुम्हाला ते सापडलं, डॉक्टर,” उज्ज्वला म्हणाल्या. डॉक्टरांनी मान डोलावली.

*

ऋता आली ती न कळवता. पिशवी खांद्यावर, केस विस्कटलेले. आल्याआल्या तिनं म्हातारीचा खुबा तपासला, परबांना गोळ्यांच्या वेळा समजावल्या आणि मग आईला म्हणाली, “किनाऱ्यावर येतेस?”

ओहोटी होती. दोघी ओल्या वाळूवरून बऱ्याच पुढं गेल्या.

“जुना साठा संपून नवं औषध येईपर्यंतच्या पंधरा दिवसांत माझे दोन रोगी गेले,” ऋता म्हणाली. “साठा संपला नसता तर कदाचित… माहीत नाही. तुझ्यामुळे गेले असं मी म्हणत नाही.”

“म्हणालीस तरी मी ऐकेन.”

“नाही म्हणत. आता नव्या औषधानं वॉर्ड अर्धा रिकामा झालाय. तू तिथंच बसली असतीस तर हे झालंच नसतं, हेही मला कळतं. तरी त्या दोघांची नावं डोक्यातून जात नाहीत.”

“मलाही सांग ती नावं.”

ऋतानं सांगितली. उज्ज्वलांनी ती मनात दोनदा म्हटली. पाणी पायाशी येऊन परत गेलं.

मग ऋता म्हणाली, “आई, वॉर्डाचं कारण खरं होतं.”

“खरंच होतं. म्हणून तर मला उत्तर देता येत नव्हतं.”

“पण तेवढंच नव्हतं. तू गेलीस की आजऱ्याचं घर नुसतं घर होईल, असं वाटायचं. बाबा तिथं आहेत असं मला अजून वाटतं. आणि तू कुलूप लावून निघालीस.” ती थांबली. “तुला हे आधी सांगायला हवं होतं. रोग्यांच्या आडून नको होतं.”

उज्ज्वलांनी लेकीला जवळ घेतलं. एवढी मोठी डॉक्टर, पण खांद्यावर डोकं तसंच ठेवलं, पहिली-दुसरीत ठेवायची तसं.

“घर आहे तिथंच आहे,” त्या म्हणाल्या. “किल्ली मुजावरबाईंकडे. तुझी खोली त्यांनी उघडलीही नाही, मी सांगून ठेवलंय. हवं तेव्हा जा. मला घेऊन जा. पण मला परत यायचंय इथं.”

“परबकाका भातात मीठ कमी घालतात,” ऋता म्हणाली. “आजी सांगत होत्या.”

“म्हणून तर मी आले.”

दोघी हसल्या आणि वळून घराकडे चालू लागल्या.

सोमवारी नोटिशीचा महिना भरला आणि पाच जण नोंदणी कार्यालयात गेले. चौथ्या डॉक्टर मुजावर, साक्षीला म्हणून कोल्हापूरहून पहाटेच निघून आलेल्या, आणि पाचवे परबांचे स्थानकावरचे एक जुने सहकारी. परबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, उज्ज्वलांनी खणाचं नवं पोलकं. टेबलामागचा कारकून मान वर न करता भराभर विचारत होता आणि लिहून घेत होता. सहकाऱ्यांची आणि मुजावरांची सही झाली.

“तिसऱ्या साक्षीदार?”

“मी. ऋता रेडेकर.”

“वधूशी नातं?”

“मुलगी.”

कारकुनाचा हात थांबला. त्यानं मान वर केली, ऋताकडे बघितलं, मग उज्ज्वलांकडे, मग परबांकडे, आणि गोंधळून म्हणाला, “थांबा हं. आई साक्षीदार आणि मुलगी वधू, असंच ना?”

“उलट,” ऋता म्हणाली. “आईचं लग्न आहे. सही कुठं करू?”